युकॉन नदीवर कधी यावं, कसं यावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स गावात राहते. जानेवारी उजाडला की पुणे, नाशिक, ठाणे, टोरांटो अशा ठिकाणांहून विचारणा सुरू होते. नदीवर यायचंय, कधी येऊ, किती दिवस लागतील, अस्वलं खरंच असतात का? एकेकाला उत्तर लिहिताना दर वेळी काही ना काही सांगायचं राहून जातं, आणि या मुलखात राहून गेलेली गोष्ट महागात पडते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. ज्यांना फक्त एकच उत्तर वाचायचंय त्यांनी लबार्ज सरोवराचं वाचावं.

ही नदी नेमकी कुठून कुठे जाते?

गोदावरी आठवा. त्र्यंबकेश्वराला अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. युकॉनचं तसंच आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात, पॅसिफिकच्या खाड्या डोंगरापलीकडे हाकेच्या अंतरावर असताना ती उत्तरेची वाट धरते, मग पश्चिमेला वळते, सगळा अलास्का पार करते आणि सुमारे ३,१९० किलोमीटरनंतर बेरिंग समुद्रात जाते. म्हणजे गोदावरीच्या दुपटीहून जास्त लांबी.

युकॉन प्रदेशाचं क्षेत्रफळ ४,८२,४४३ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दीडपट. माणसं मात्र पन्नास हजारांच्याही आत, आणि त्यातली बहुतेक एकट्या व्हाइटहॉर्समध्ये. गावाबाहेर पडून नदीच्या दोन वळणांपलीकडे गेलात की माणूस संपतो. हे वाक्य वाचताना सोपं वाटतं. तिथे दुसऱ्या रात्री तंबूत पडल्यावर त्याचा अर्थ कळतो.

कोणत्या महिन्यात यावं?

जूनचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. माझी स्वतःची पसंती ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांना.

पण नुसता महिना लक्षात ठेवू नका, कारण समजून घ्या. आपल्याकडे नदीचं वर्ष पावसावर चालतं. इथे ते उन्हावर चालतं. व्हाइटहॉर्स डोंगरांच्या पावसाच्या आडोशाला आहे, वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून तीस सेंटिमीटरसुद्धा पाणी पडत नाही. तरी नदी दुथडी भरते ती जूनमध्ये डोंगरावरचं हिमाचं पाणी उतरतं म्हणून, आणि नंतर जुलै-ऑगस्टात हिमनद्या वितळतात म्हणून. चार दिवस कडक ऊन पडलं की वरच्या सरोवरांची पातळी चढते. आभाळ निरभ्र आणि पाणी वाढतंय, हे आपल्या डोक्यात सहजी बसत नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात रात्री होडी काठावर नुसती ओढून ठेवली होती, झाडाला बांधली नव्हती. सकाळी उठले तर होडीचा मागचा अर्धा भाग पाण्यात तरंगत होता. रात्रभर एक थेंब पाऊस पडलेला नव्हता. तेव्हापासून झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काडी रोवते आणि होडी दोन ठिकाणी बांधते.

जूनमध्ये उजेड भरपूर. व्हाइटहॉर्सला दिवस एकोणीस तासांचा, नदीच्या खालच्या अंगाला, उत्तरेकडच्या डॉसन गावाला त्याहून मोठा, आणि मधली रात्रही काळोखी होत नाही. रात्री अकरा वाजता वल्हवत जाता येतं. जुलै सगळ्यांत ऊबदार, आणि डासांचाही. ऑगस्टच्या शेवटी रात्री परत काळ्या होतात, पहिलं हिव पडतं, डास कमी होतात आणि उत्तरेचा प्रकाश, म्हणजे अरोरा, दिसू लागतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्च आणि अ‍ॅस्पेनची झाडं इतकी पिवळी होतात की पाण्यावरही तोच रंग चढतो. त्यानंतर मात्र अनुभव नसलेल्यांनी नदीवर असू नये.

मे महिन्यात मुलांना सुट्ट्या असतात. तेव्हा आलं तर?

होडीसाठी नाही. नदी मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मोकळी झालेली दिसेल, पण वाटेतलं लबार्ज सरोवर मेअखेरपर्यंत, कधी जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेलं असतं. वाहतं पाणी आधी सुटतं, साचलेलं उशिरा.

बर्फ फुटतो तेव्हा काय होतं?

हे पाहायला मिळालं तर सोडू नका. डॉसन गावात १८९६ पासून बर्फ फुटण्याची वेळ नोंदवली जाते. नदीच्या मधोमध बर्फावर एक तिपाई उभी करतात, तिच्यापासून काठावरच्या घड्याळापर्यंत तार असते. बर्फ हलला, तिपाई सरकली की तार ओढली जाते आणि घड्याळ थांबतं. कोणत्या मिनिटाला थांबेल यावर गावातले लोक पैज लावतात. जुन्या काळी हा दिवस मेच्या मध्याकडे यायचा, आता बहुधा मेच्या पहिल्या आठवड्यात किंवा एप्रिलच्या अखेरीस येतो.

मी दोनदा त्या वेळी डॉसनच्या बांधावर उभी होते. आधी कित्येक दिवस काहीच घडत नाही. बर्फ राखाडी पडतो, कडेला पाण्याची पट्टी दिसते, कुत्री अस्वस्थ होतात असं गावचे लोक सांगतात. मग एका क्षणी अख्खी नदी एकाच वेळी चालू लागते. घराएवढ्या लाद्या एकमेकींवर चढतात, उभ्या राहतात, आडव्या पडतात. मोठ्या आवाजाची मला कल्पना होती. बारीक आवाजाची नव्हती. वसंतातला जुना बर्फ आतून उभ्या सळ्यांमध्ये सुटा झालेला असतो; काठाला घासला की त्या सळ्या ढासळतात, आणि कासाराने काचेच्या बांगड्यांचा ढीग हलवावा तसा किणकिणाट होत राहतो. समोर एवढा राडा चाललेला आणि कानाशी बांगड्या.

हे पाहणं सुंदर असलं तरी जिथे बर्फ अडकतो तिथे काही तासांत धरण तयार होतं आणि मागे पाणी चढतं. मे १९७९ मध्ये डॉसन असंच पाण्याखाली गेलं. आज ज्या बांधावर उभं राहून आपण बघतो तो त्या पुरानंतर बांधला. मे २०२३ मध्ये शेजारच्या क्लॉन्डाइक नदीच्या खोऱ्यात बर्फ अडकून घरांत पाणी शिरलं.

व्हाइटहॉर्स ते डॉसन, वाट कशी आहे आणि किती दिवसांची?

सुमारे ७१५ किलोमीटर. चौदा ते सोळा दिवस धरा. याच पट्ट्यावर जूनअखेर होड्यांची शर्यत होते आणि पट्टीचे वल्हवणारे ती तीन दिवसांच्या आत संपवतात, पण ते जेमतेमच झोपतात. तुम्ही त्यासाठी येत नाही आहात.

व्हाइटहॉर्सखाली अर्धा-एक दिवस शांत नदी, मग लबार्ज सरोवर. सरोवराच्या तोंडातून नदी परत बाहेर पडते तो थर्टी माइल नावाचा पट्टा माझ्या मते सगळ्या वाटेतला सर्वांत देखणा. पाणी हिरवंनिळं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ, आणि ओघ असा की वल्हं मांडीवर ठेवून बसलात तरी काठ मागे पळतो. हूटालिंक्वाला उजवीकडून टेस्लिन नदी येते. तिथल्या बेटावर चाकाच्या आगबोटीचा जुना सांगाडा झाडांत उभा आहे. पुढे बिग सॅमन, लिटल सॅमन या नद्या आणि मग कारमॅक्स गाव. दुकान, फोन, गरम आंघोळ. कारमॅक्सचा पूल हा कॅनडातला या नदीवरचा शेवटचा पूल. त्यानंतर पूल दिसतो तो थेट अलास्कात.

कारमॅक्सच्या खाली फाइव्ह फिंगर रॅपिड्स. खडकांच्या चार खांबांमुळे पाणी पाच फाट्यांत विभागतं. उजवा फाटा घ्यायचा. आवाज ऐकू आल्यावर विचार करायचा नाही, बऱ्याच आधीपासून उजवा काठ धरूनच यायचं. दोन-तीन मोठ्या लाटा येतात, पुढचा भिजतो, संपतं. आगबोटी वर जाताना याच फाट्यातून लोखंडी दोराने खेचून घ्याव्या लागत.

मग फोर्ट सेलकर्क. इथे एक दिवस नक्की थांबा. पेली नदीच्या संगमाजवळ हडसन्स बे या व्यापारी कंपनीच्या रॉबर्ट कॅम्बेलने १८४८ मध्ये ठाणं उभारलं. किनाऱ्याकडच्या चिलकट व्यापाऱ्यांचा या मुलखाशी पूर्वापार व्यापार होता, त्यात हा माणूस मध्ये आला, आणि १८५२ मध्ये त्यांनी ते ठाणं लुटलं. आताची लाकडी घरं, शाळा आणि चर्च नंतरच्या काळातली. सेलकर्क फर्स्ट नेशन (फर्स्ट नेशन म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा समाज) आणि युकॉन सरकार मिळून ती सांभाळतात. रस्ता तिथवर जात नाही, म्हणून ती टिकली आहेत.

शेवटच्या टप्प्यात डावीकडून व्हाइट नदी मिळते आणि नदीचा रंगच पालटतो. हिमनद्यांनी दळलेला खडक आणि ज्वालामुखीची राख घेऊन ती येते. पाणी दुधाळ-करडं होतं. होडीच्या तळाला कान लावा: तव्यावर काहीतरी हलकेच तडतडत असल्यासारखा आवाज येतो. गाळाचे कण तळाला घासत जातात त्याचा तो आवाज, आणि डॉसनपर्यंत तो थांबत नाही. हे पाणी प्यायला घ्यायचं असेल तर रात्रभर बादलीत निवू द्या, नाहीतर बाजूच्या एखाद्या स्वच्छ ओहोळाचं भरून घ्या.

लबार्ज सरोवराला सगळे एवढे का घाबरतात?

कारण तिथे माणसं मेली आहेत, आणि बहुतेक वेळा हवा चांगली दिसत असताना.

सरोवर सुमारे पन्नास किलोमीटर लांब, दक्षिणोत्तर, दोन्ही बाजूंना डोंगर. वारा त्यातून नळकांड्यातून यावा तसा येतो. सकाळी आरसा असतो, दुपारी तासाभरात मीटरभर लाटा उठतात. पाणी उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. कॅनडात थंड पाण्याबद्दल एक हिशोब शिकवतात: पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, नंतरची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. यातली दहा मिनिटं महत्त्वाची. त्या दहा मिनिटांत पोहून जाता येईल इतक्याच अंतरावर काठ असला पाहिजे. म्हणून एकच काठ धरायचा, कितीही वळसा पडला तरी. मोठी खाडी सरळ रेषेत कापायची नाही. सरोवराची एक बाजू सोडून मध्येच दुसरीकडे जायचं नाही. पहाटे निघायचं, दुपारी काठावर यायचं, वाटल्यास रात्री परत निघायचं, जूनमध्ये उजेड असतोच.

आता माझी गोष्ट. तिसऱ्या उन्हाळ्यात मी आणि माझी एक मैत्रीण निघालो. तिचं परतीचं विमान ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे अर्धा दिवस गेला, दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत बसून राहिलो. तिसऱ्या सकाळी वारा पडलेला वाटला आणि आम्ही "दिवस भरून काढू" म्हणून एक खाडी सरळ कापायला घेतली. अर्ध्यात असताना मागून लाट आली, मग दुसरी. होडीत घोट्यापर्यंत पाणी. तिने वल्हं सोडून डब्याने पाणी उपसलं, मी फक्त होडी लाटेला आडवी होऊ द्यायची नाही एवढंच करत राहिले. काठाला लागलो तेव्हा माझी बोटं वल्ह्याच्या दांड्याभोवतून उघडेनात. तिने एकेक करून सोडवली. शेकोटी पेटवायला चार काड्या वाया गेल्या. त्या दिवशी अस्वल नव्हतं, धबधबा नव्हता, वादळही नव्हतं. आम्हाला पाण्यात ढकललं ते तारखेनं. विमान तर चुकलंच.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होडी लोटायची रीत होती, आणि त्याआधी कितीही शांत समुद्र दिसला तरी शहाणा कोळी बाहेर जात नसे. सरोवर तीच गोष्ट दिवसाच्या हिशोबात मागतं.

सरोवर टाळून नदी करता येईल का?

येईल, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना मी तेच सुचवते. अलास्का हायवेवरच्या जॉन्सन्स क्रॉसिंगपासून टेस्लिन नदीतून उतरा, हूटालिंक्वाला युकॉनला लागा, कारमॅक्सला बाहेर पडा. साधारण आठवडाभराचा प्रवास. थर्टी माइल मात्र हुकतो, त्याची हळहळ राहील.

पोहता येतं. लाइफ जॅकेट सतत घालायचं का?

हो, सतत. कायद्याने होडीत प्रत्येकासाठी एक असणं सक्तीचं आहे, अंगावर असणं ही आपली अक्कल. वर सांगितलेली दहा मिनिटं बुडालेली होडी धरण्यात जातात, जॅकेट शोधण्यात नव्हे.

अस्वलांचं काय?

काळी आणि ग्रिझली, दोन्ही आहेत. काठाने चालताना दिसतील. बहुधा तुम्हाला आधी तीच पाहतात आणि निघून जातात. सांभाळायचं ते आपल्या अन्नाचं. आपण मराठी माणसं इथे एक चूक हमखास करतो: फोडणी तंबूच्या दारात. हिंग, लसूण, तुपाचा वास रात्रभर कापडात राहतो. चूल तंबूपासून चांगली शंभर पावलं दूर, शक्यतो खालच्या अंगाला, पाण्याच्या कडेला. स्वयंपाकाचे कपडे तंबूत नाहीत. अन्न, टूथपेस्ट, साबण सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, आणि तो डबाही दूर. तिखटाचा फवारा विमानातून आणता येत नाही, हातातल्या पिशवीत नाही आणि सामानातही नाही, तो व्हाइटहॉर्समध्ये घ्या. पिशवीच्या तळाशी ठेवायचा नाही, कमरेला हवा. जमेल तिथे मुक्काम बेटावर किंवा पात्रातल्या वाळवंटावर करा. वारा लागतो, लांबवरचं दिसतं आणि डासही कमी.

मूस हा हरणाच्या कुळातला थोराड प्राणी मात्र लोक हलक्यात घेतात. पिल्लू सोबत असलेल्या मूसच्या मादीपासून अस्वलाइतकंच लांब राहा.

जेवणासाठी काय आणावं?

भाजणी, मेतकूट, तांदूळ, मुगाची डाळ, पिठल्याचं पीठ, गूळ, शेंगदाणे. थालीपिठाला इथल्या थंडीत तोड नाही. रोजच्यापेक्षा दीडपट भूक लागते हे धरून मोजा, आणि वर चार दिवसांचं जादा ठेवा. ते जादा जेवण वाऱ्यात अडकून बसण्यासाठी असतं.

फोन लागतो का?

व्हाइटहॉर्स, कारमॅक्स, डॉसन. मध्ये नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्याच. आणि गावातल्या एखाद्या माणसाला लेखी सांगून ठेवा: कुठून निघालो, कुठे पोहोचणार, कोणत्या दिवसापर्यंत आलो नाही तर काळजी करायची. घरच्यांनाही सांगा की दोन दिवस संदेश आला नाही तर घाबरायचं नाही. माझ्या आईला हे पटायला दोन उन्हाळे लागले.

मासे पकडता येतील का?

परवाना काढून ग्रेलिंग, पाइक पकडता येतात. चिनूक सॅमन नाही, एकही नाही.

हा मासा बेरिंग समुद्रातून नदीत शिरतो आणि काही न खाता, अंगातल्या चरबीवर, तीन हजार किलोमीटर उलटा पोहत व्हाइटहॉर्सपर्यंत येतो. १९५८ मध्ये इथे वीजधरण झालं, ज्या पांढऱ्या उसळत्या पाण्यावरून गावाला नाव पडलं ते पाणी त्याखाली बुडालं, आणि सॅमनला वर चढता यावं म्हणून १९५९ मध्ये लाकडी पायऱ्यांचा पाणमार्ग बांधला. तो आजही आहे, काचेतून मासे दिसतात. पण अलीकडे येणाऱ्या माशांची संख्या इतकी घटली की एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने मिळून सात वर्षं चिनूकची मासेमारी थांबवली. सात वर्षं म्हणजे या माशाचं एक पूर्ण आयुष्यचक्र. नदीकाठच्या लोकांसाठी हे फार जड आहे. उन्हाळ्यात सगळं घर नदीवर जायचं, आज्या मुलांना मासा चिरायला आणि धुरावर वाळवायला शिकवायच्या. वाटेत तुम्हाला मासे वाळवायचे रिकामे मांडव दिसतील. ते पडीक नाहीत, वाट पाहत आहेत. त्यांचं लाकूड शेकोटीला घेऊ नका.

काठावर उतरायला कुणाची परवानगी लागते?

नदीवरून जायला वेगळा परवाना नाही. पण काठ रिकामा दिसला तरी बेवारस नाही. व्हाइटहॉर्सला क्वानलिन डुन, लबार्जला ता'आन क्वाचान, पुढे लिटल सॅमन कारमॅक्स, सेलकर्क, आणि डॉसनला ट्रॉन्डेक ह्वेचिन या फर्स्ट नेशन्सच्या जमिनी आहेत. त्यांच्या खोपटांत, मांडवांत, स्मशानांत शिरायचं नाही. जुनी बाटली, खिळा, लोखंडी तुकडा, काही उचलायचं नाही.

सोन्यासाठी लोक याच वाटेने गेले ना?

हो. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लॉन्डाइकच्या एका ओहोळात सोनं सापडलं. शोध लावणाऱ्यांत किश म्हणजे स्कूकम जिम, त्याची बहीण शा त्ला म्हणजे केट, तिचा नवरा जॉर्ज कारमॅक आणि डॉसन चार्ली होते. बातमी बाहेर पोहोचली आणि सुमारे एक लाख माणसं निघाली. त्यातली हजारो १८९७-९८ चा हिवाळा बेनेट सरोवराच्या काठावर झाडं तोडून होड्या बनवत बसली. घाई सगळ्यांनाच होती, पण बर्फ सुटेपर्यंत कुणालाही हलता आलं नाही. मेच्या अखेरीस बर्फ सुटला आणि काही दिवसांत सात हजारांवर होड्या एकदम निघाल्या.

त्याच घटनेची दुसरी बाजू डॉसनला उतरल्यावर जरूर ऐका. क्लॉन्डाइकच्या तोंडाशी हान लोकांचा, म्हणजे ट्रॉन्डेक ह्वेचिनच्या पूर्वजांचा, सॅमन पकडायचा तळ होता. गर्दी आली तसे त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या लोकांना घेऊन खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. आपली गाणी आणि नाच या गर्दीत टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या वंशजांनी ती परत शिकून आणली. ट्रॉन्डेक-क्लॉन्डाइक २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं ते ही दोन्ही कथानकं धरून.

हिवाळ्यात येता येईल का?

येता येईल, होडीशिवाय. ऑक्टोबरात नदी थिजायला लागते. तूप थिजतं तशी एकसारखी नाही. आधी पाण्यात बारीक कण तयार होतात, साबुदाण्याच्या खिरीसारखं घट्ट पाणी वाहतं, मग चकत्या, मग लाद्या, मग एके रात्री सगळं अडतं आणि थांबतं.

डॉसनला याचा अर्थ फार रोखठोक असतो. तिथे नदीवर पूल नाही. उन्हाळ्यात जॉर्ज ब्लॅक नावाची फेरीबोट फुकट ने-आण करते. ऑक्टोबरात ती पाण्याबाहेर काढतात. पलीकडच्या काठावर वेस्ट डॉसनला राहणारी माणसं त्यानंतर बर्फ पक्का होईपर्यंत अडकतात, आणि वसंतात बर्फ फुटताना पुन्हा एकदा. कोठीत पीठ, लाकूड, औषधं भरून ठेवतात. आपल्याकडे पूर्वी आगोट भरत, तसंच. बर्फ धरला की त्यावर पाणी टाकून तो जाड करतात, जाडी मोजतात आणि गाड्यांसाठी वाट आखतात. वजनाची मर्यादा हळूहळू वाढवतात.

पण २०१६-१७ आणि २०१७-१८ या हिवाळ्यांत नदी नेमकी त्या जागी गोठलीच नाही. वर-खाली बर्फ, मध्ये उघडं काळं पाणी. सरकारने २०१८ मध्ये पाणी फवारून बर्फाचा पूल जोडायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही. लोकांनी लांबून स्वतःच्या वाटा काढल्या. जुनी माणसं जे महिने पाठ म्हणून दाखवायची, त्यांची आता खात्री देता येत नाही. २०१६ च्या वसंतात तर याहून थक्क करणारं घडलं. कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे हटली की तिचं जे पाणी स्लिम्स नदीतून क्लुएन सरोवराला आणि तिथून युकॉनला मिळायचं, ते काही दिवसांत दिशा बदलून दुसऱ्या खोऱ्यातून पॅसिफिककडे निघालं. मी क्लुएनला गेले तेव्हा स्लिम्सच्या पात्रातून धुळीचे लोट उठत होते. बेरिंग समुद्राकडे जाणारं पाणी डोळ्यांदेखत दुसऱ्या समुद्राला गेलं होतं.

थंडीचं म्हणाल तर उणे तीस नेहमीचं, उणे चाळीस अधूनमधून. युकॉनमधल्याच स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंशांच्या आसपास नोंद झाली होती. कुठल्याही नदीच्या बर्फावर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वर कोरडा दिसणाऱ्या हिमाखाली पाणी साचलेलं असतं, आणि उणे तीसमध्ये ओला बूट म्हणजे बोटं गेली.

आईवडील साठीच्या पुढचे आहेत. होडीत बसणार नाहीत. त्यांना काय दाखवू?

नदी दाखवा, काठावरून. व्हाइटहॉर्समध्ये एसएस क्लॉन्डाइक ही चाकाची आगबोट काठावर चढवून ठेवली आहे. १९३७ मध्ये बांधली, १९५५ पर्यंत चालली. डॉसनला जाताना प्रवाहाबरोबर दीड दिवस, येताना चार-पाच दिवस आणि वाटेत सहा वेळा लाकूड भरायला थांबायचं. डॉसनपर्यंत आता सुमारे ५३० किलोमीटरचा पक्का रस्ता आहे. वाटेत फाइव्ह फिंगरच्या वर थांबायची जागा आहे, तिथून पाचही फाटे दिसतात. डॉसनला फेरीबोटीतून पलीकडे जा आणि लगेच परत या. पाच मिनिटांचा प्रवास, पण कठड्याला धरून उभं राहिलं की खालून नदी ओढते ते पायांना कळतं. माझे बाबा त्या बोटीतून एका दुपारी सहा वेळा गेले.

परतीचं विमान कोणत्या तारखेचं काढू?

नदीवरचे दिवस मोजा आणि पुढे चार दिवस मोकळे सोडून मग तिकीट काढा. तारीख बदलता येणारं मिळालं तर थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्या. डॉसनला चार दिवस लवकर पोहोचलात तर वेळ कसा जाईल, असं सगळे विचारतात. मूसहाइडची माहिती सांगणारं केंद्र नदीकाठीच आहे, गावामागच्या मिडनाइट डोम टेकडीवर चढलं की व्हाइट नदीचा करडा गाळ घेऊन आलेली युकॉन आणि तिला मिळणारी गडद, नितळ क्लॉन्डाइक बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. जूनमध्ये आलात तर रात्री बारा वाजता जा, ऊन असतं.